मुलुंडचं वॉटर्लू आणि डिंकाचे लाडू

गेल्या डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर माझ्या वडिलांवर अन्याय झाला. त्या वेळी ते नेपोलियन होते.

अन्याय झाला की आधी तो नीट नोंदवायचा आणि मग ओरडायचं, असं मला चळवळीत शिकवलंय. म्हणून नोंदवते. अन्यायग्रस्त : मोहनराव, निवृत्त ड्राफ्ट्समन, मधुमेही. अन्याय करणारे : इंग्रज, प्रशियन, तळमजल्यावरच्या शिर्केकाकू, त्यांच्या विहीणबाई, माझी आई आणि मी. (शेवटचं नाव घरात बहुमताने घातलं गेलं. माझं मत विरोधात होतं.)

मी फूटपाथ वाचवण्याच्या मोहिमेत काम करते. म्हणजे फूटपाथवर गाड्या चढवल्या जातात तिथे आम्ही जाऊन उभे राहतो, पत्रकं वाटतो आणि शिव्या खातो. पत्रकं मी एकटी लिहिते. शिव्या सगळे मिळून खातो. आमची संघटना लोकशाहीवादी आहे.

आता नेपोलियनकडे वळू. भांडुपच्या एका कारखान्यात बाबांनी आणि सिल्वेस्टरकाकांनी शेजारी शेजारी बसून आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंग्ज काढली. काका भांडुपच्याच जुन्या गावठाणातले, बाबा मुलुंडचे. निवृत्त झाल्यावर लोक हास्यक्लबात जातात, बँकेत जाऊन पासबुक भरून घेतात, फार तर नातवंडं सांभाळतात. हे दोघे युरोपात गेले. विमानाने नव्हे. आमच्या बाल्कनीतून.

ग्रिल लावलेल्या त्या बाल्कनीत आमच्या जुन्या खोलीचं एक दार दोन स्टुलांवर आडवं टाकलेलं आहे. त्यावर बेल्जियम आहे, नेपोलियन जिथे हरला ते वॉटर्लू धरून. बेल्जियम हिरवंगार दिसावं म्हणून आईला ओटीत आलेले सगळे हिरवे ब्लाउजपीस बाबांनी स्वतः शिवून जोडले. (गेल्या वीस वर्षांत कुणीही कुणाला दिलेला ब्लाउजपीस कधी शिवला नाही. तो फक्त पुढे दिला जातो. हा देश त्याच साठ्यावर उभा आहे.) टेकड्या गणपतीच्या मखरातल्या थर्माकोलच्या. बंदी येण्याआधीच्या, याची नोंद घ्यावी.

आणि सैनिक! बोटाच्या पेराएवढे. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक ओळखीचा माणूस ते मशीनवर छापून देतो. हो, छापून. मी पत्रकं छापते, बाबा सैन्य छापतात. फरक इतकाच की सैन्याला लोक निदान उचलून बघतात. बाबा भिंग लावून एकेकाचे डगले, पट्टे, मिशा रंगवतात. मग आठ-आठ शिपाई पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर चिकटवायचे, की झाली पलटण. पुठ्ठा लग्नपत्रिकांचा, कारण तसा जाड पुठ्ठा आता दुसऱ्या कशाला मिळत नाही. नेपोलियनची सर्वांत कडवी पलटण, ती जगप्रसिद्ध जुनी गार्ड, उलटी करून बघा. खाली सोनेरी अक्षरांत ‘श्री गजानन प्रसन्न’.

लढाई कशी करतात तेही सांगते, नाहीतर लोकांना वाटतं दोन म्हातारे भातुकली खेळतात. (लोकांना म्हणजे आईला.) पलटण किती सरकवायची ते शिंप्याच्या टेपने मोजायचं. गोळी लागली की नाही ते फासा टाकून ठरवायचं. वाद झाला तर पंच सांगेल ते अंतिम. पंच मी. कारण दोघांच्या मते घरात तत्त्वासाठी भांडणारी मी एकटीच आहे. बाकी सगळे नुसतेच भांडतात.

आता मूळ दुखणं. बाबा हट्टाने प्रत्येक वेळी नेपोलियन होतात. काका इंग्रज. आणि वॉटर्लूची गंमत अशी, की नेपोलियन इंग्रजांना रेटत रेटत जिंकायला आला की पूर्वेकडून इंग्रजांच्या मदतीला प्रशियन, म्हणजे तेव्हाचे जर्मन, येतात आणि त्याची वाट लावतात. आमच्या टेबलावर पूर्व म्हणजे फ्रिजची बाजू. दुपार झाली की काकांनी दर खेपेला एक फासा टाकायचा. सहा पडले की प्रशियन हजर. बाबा एकदाही जिंकलेले नाहीत.

“अहो, हरणाऱ्याचीच बाजू का घेता दरवेळी?” आई विचारते.

“एकदा तरी जिंकेल तो.”

“दोनशे वर्षांत नाही जिंकला!”

“दोनशे वर्षं मी नव्हतो.”

आईला त्या बाल्कनीत घरघंटी हवी होती. पिठाच्या गिरणीत दळण ठेवायचं, मग तो आपल्या गव्हाखाली कुणाचे तरी चणे दळणार, मग पोळ्यांना चण्याचा वास येणार, हे तिला आता सहन होत नव्हतं. घरघंटी ठेवायला घरात एकच जागा, आणि तिथे बेल्जियम. शेवटी डिसेंबरात तिने अखेरचं सांगितलं, “या रविवारी जिंकलात तर बाल्कनी तुमची. मी पुन्हा घरघंटीचं नाव काढणार नाही. हरलात तर हे सगळं उचला आणि माझ्या घरघंटीला जागा करा.”

बाबा त्या आठवड्यात जेवताना वरणभाताचे डोंगर करून त्यांच्याकडे बघत बसायचे.

रविवार उजाडला. बाबांनी एक खास विनंती केली, “मुक्ते, प्रशियन टेबलाजवळ ठेवू नकोस. डोळ्यांसमोर असले की माझे फासे चुकतात.” मी पंच म्हणून मान्य केलं. प्रशियन कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात भरले गेले आणि बाबांनी स्वतः तो डबा स्वयंपाकघरात ओट्यावर नेऊन ठेवला. ओट्यावर जागा करण्यासाठी तिथला दुसरा एक डबा त्यांनी उचलून फ्रिजवर ठेवला. दोन्ही डबे आजीच्या रुखवताचे, एकाच मापाचे, दोन्हींवर आजीचं नाव कोरलेलं. यात संशयास्पद काही नव्हतं. मोठ्या आपत्तींच्या सुरुवातीला कधीच नसतं.

थोड्या वेळाने आई आंघोळीला जाता जाता ओरडली, “मुक्ते, ओट्यावरचा डबा शिर्केकाकूंकडे देऊन ये गं! सोनालीसाठी डिंकाचे लाडू आहेत!”

शिर्केकाकूंची सोनाली बाळंतपणाला आली होती आणि त्या दिवशी बाळ बघायला तिच्या सासरची माणसं यायची होती. मी डबा उचलला. माझ्याकडे नेहमीप्रमाणे पत्रकांचा गठ्ठा होताच. खाली उतरले तर गेटच्या बाहेर एक पांढरी गाडी! फूटपाथवर! चारही चाकं वर! माझं डोकंच फिरलं. पण हातात बाळंतिणीचा डबा होता, म्हणून स्वतःला आवरलं आणि आधी शिर्केकाकूंची बेल वाजवली. एका अनोळखी, भरजरी साडीतल्या बाईंनी दार उघडलं. या विहीणबाई.

“आईने पाठवलंय, सोनालीसाठी,” मी म्हणाले. “जरा कडक झालेत. रोज सकाळी एक, गरम दुधाबरोबर. नीट चावून खायला सांगा.”

आणि संधी वाया घालवायची नाही हा चळवळीचा नियम, म्हणून डब्यावर एक पत्रक ठेवून दिलं.

बारा वाजेपर्यंत बाल्कनीत असं काही घडत होतं की काय सांगू! बाबांचे फासे त्या दिवशी वेडे झाले होते. इंग्रजांची डावी बाजू कोसळली. मधलं शेतघर (मिठाईचा खोका, पण लाल कौलं बाबांनी हाताने रंगवलेली) पडलं. सिल्वेस्टरकाकांच्या घोडदळातले दोनच घोडे उरले आणि त्यातल्या एकाचा पाय आधीच मोडका होता.

“मोहन, आज तू जेवलायस काय?” काका घाम पुसत म्हणाले.

“उपाशी आहे. वाघ उपाशीच शिकार करतो.”

“वाघ? अरे, तुझा नेपोलियन घोड्यावर उलटा बसलाय ते बघ आधी.”

“तो मागे बघतोय. तुझे पळणारे इंग्रज मोजतोय.”

आई दारात येऊन उभी राहिली. तिने टेबलाकडे बघितलं. तिला लढाईतलं काही कळत नाही, पण बाबांचा चेहरा तीस वर्षं कळतोय. तिच्या हातातली पळी हळूहळू खाली गेली. आणखी एक खेप, आणि बाल्कनी बाबांची होती.

काकांनी फासा टाकला. सहा.

“प्रशियन!” काका इतक्या जोरात ओरडले की ग्रिलवरचं कबूतर उडालं. “पंचबाई, आणा माझे प्रशियन!”

मी स्वयंपाकघरात गेले. ओटा रिकामा. फ्रिजवर डबा दिसला. आईने उचलून वर ठेवला असणार असं समजून मी तो आणला आणि उघडला.

आत डिंकाचे लाडू.

बाबांनी लाडवांकडे बघितलं, काकांनी लाडवांकडे बघितलं. मग आई किंचाळली, “अगं बाई! मग सोनालीकडे काय दिलंस?”

“ओट्यावरचा डबा.”

“म्हणजे?”

“म्हणजे प्रशियन सैन्य,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात मी आयुष्यात पहिल्यांदा असा गोडवा ऐकला. “प्रशियन शिर्केंकडे गेले. वाट चुकले. युद्धात होतं असं. चला सिल्व्हे, तुझा डाव संपला.”

“संपला कसा? सहा पडले माझे!”

“पडले ना. पण आण सैन्य! कुठाय सैन्य?”

“मुक्ता खाली जाऊन आणेल.”

“बाळंतिणीच्या खोलीत घुसून? तिच्या सासूसमोर? आण म्हणावं!”

दोघांनी माझ्याकडे बघितलं. आईही बघत होती. मी पंचाच्या खुर्चीत (कपडे वाळत घालायचं स्टूल) ताठ बसले आणि निर्णय दिला, “जे सैन्य रणांगणावर हजर नाही, त्याला लढता येणार नाही. नुसता हक्क असून चालत नाही, हजेरी लागते!”

बाबांनी टाळी वाजवली. आणि तिथेच घात झाला.

काका शांतपणे उठले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझं पत्रक! आदल्याच आठवड्यात मी त्यांना दिलेलं. लोक पत्रक घेतात, चार पावलं गेल्यावर टाकतात. हा एक माणूस ते खिशात घालून भांडुपला घेऊन गेला आणि परत मुलुंडला घेऊन आला. चष्मा लावून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“‘नागरिकहो! आज फूटपाथवर चालणारा दिसत नाही, म्हणून त्याचा हक्क संपतो काय? नाही! हजारदा नाही!’ हजारदा लिहिलंयस हं, मुक्ता. ‘तो येईपर्यंत त्याची जागा आपण धरून ठेवली पाहिजे. खुर्ची ठेवा, कुंडी ठेवा, घरातली मिळेल ती वस्तू ठेवा, पण जागा सोडू नका!’”

त्यांनी कागद खाली केला. “घरातली मिळेल ती वस्तू. बरोबर?”

मी लाडवांकडे बघितलं.

“ते फूटपाथबद्दल आहे,” मी म्हणाले.

“तत्त्व आहे की फक्त फूटपाथ आहे?”

आता तत्त्वच म्हटल्यावर पंचाने निर्णय फिरवला : प्रशियन येईपर्यंत त्यांची जागा लाडू धरतील.

“तू माझी मुलगी आहेस ना गं?” बाबांनी हळूच विचारलं.

“आत्ता मी पंच आहे, बाबा.”

“बरं,” ते म्हणाले. आणि त्या ‘बरं’वर मला आजही झोपताना कूस बदलावी लागते.

एक लाडू म्हणजे एक पलटण, असं ठरलं. काकांनी फ्रिजच्या बाजूने लाडू आणले. बेल्जियमच्या हिरव्या मैदानावर डिंकाचे लाडू चालून येताहेत, बिब्याच्या बिया आणि खसखस चमकते आहे, हे दृश्य इतिहासात पूर्वी कुणी पाहिलं नसेल. समोर बोटाच्या पेराएवढी फ्रेंच पलटण, अंगावर येणारा लाडू तिच्या दुप्पट उंच. पहिली फ्रेंच तुकडी तर लाडू घरंगळून अंगावर आल्यानेच आडवी झाली. (अपघात म्हणून मी ती परत उभी करायला लावली. निःपक्षपातीपणा पाहा!)

पण बाबा डगमगले नाहीत. त्यांनी जुनी गार्ड पुढे काढली. फासा पाच. एक लाडू मेला. फासा सहा. दुसरा मेला. विजयाच्या भरात बाबांनी मेलेला लाडू उचलला आणि खाल्ला.

“अहो!” आई धावली. “साखर! परवाच डॉक्टर काय म्हणाले?”

“गुळाचा आहे.”

“गूळ काय आकाशातून पडतो?”

“मग उचल तूच हे सगळे,” बाबा म्हणाले. साधंच वाक्य होतं. पण मी त्यांच्याकडे बघितलं, काकांनी बघितलं, आणि तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. आईने नवऱ्याच्या प्रकृतीसाठी लाडू उचलून नेले, तर प्रशियन गेले. प्रशियन गेले तर बाबा जिंकले. बाबा जिंकले तर घरघंटी गेली!

आईने ताटली आणली. लाडवांवर हात धरला. मग तिने एकदा बाल्कनीच्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे तिने मनातल्या मनात प्लगपॉइंटसुद्धा काढून ठेवला होता. बराच वेळ बघितलं. ताटली खाली ठेवली.

“एक खाल्लात तेवढा पुरे,” ती म्हणाली. “उरलेले असू देत तिथेच. मेले की माझ्याकडे द्यायचे. बाळंतिणीचे आहेत.”

तीस वर्षांचा संसार! एका घरघंटीसाठी!

त्यानंतर बाबा जे लढले ते लढले. उपाशी माणूस, समोर तूप-खोबऱ्याच्या वासाची फौज, आणि एकही खायची परवानगी नाही. अशा अवस्थेत कुठल्या सेनापतीने लढाई केलीय? एकेक लाडू पडत गेला, आई ताटलीत गोळा करत गेली. जुनी गार्ड संपत आली, घोडदळ संपलं, तोफा गेल्या. पण लाडूही संपत आले. शेवटी एक उरला. लहानसा, जरा चपटा. बाबांनी फासा हातात घेतला.

बेल वाजली.

दारात शिर्केकाकू, त्यांच्या मागे विहीणबाई आणि त्यांच्या मागे सोनालीचा नवरा, हातात गाडीची किल्ली घट्ट धरून. विहीणबाईंच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात माझं पत्रक.

“हे काय आहे?” विहीणबाई गरजल्या. “बाळंतिणीच्या डब्यात बंदुका घेतलेली माणसं! आणि वर चिठ्ठी! ‘आजच्या आज गाडी हटवा, आता आम्ही गप्प बसणार नाही!’ अहो, सांगायचं असेल तर तोंडाने सांगा! नातवाचं तोंड बघायला आलो आणि धमक्या?”

“आई, मी गाडी काढलीय,” जावई घाईघाईने म्हणाले. “केव्हाच काढलीय. पार तिकडे लावून आलोय.”

(आमच्या मोहिमेच्या इतिहासात पत्रक वाचून हटलेली ही पहिली गाडी. कृपया नोंद घ्यावी.)

“आणि ही म्हणाली, रोज एक, दुधाबरोबर!” विहीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं. “सोनालीने एकाला पुठ्ठ्यावरून सोडवून भिजत घातलं होतं!”

आईने त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं सांगितलं, लाडवांची ताटली दाखवली. शिर्केकाकू इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीला धरावं लागलं. विहीणबाईही शेवटी हसल्या, पण डोळ्यांनी अजून बंदुका शोधत होत्या.

“हा घ्या डबा,” शिर्केकाकू म्हणाल्या. “सगळे आहेत. भिजलेला पण पुसून ठेवलाय.”

मी डबा उघडला. प्रशियन सैन्यावर साखर पसरलेली होती.

“अगं, कुणाचा डबा रिकामा कसा परत करायचा?” काकू म्हणाल्या. “गडबडीत काही केलं नव्हतं. म्हटलं निदान मूठभर साखर.”

“काकू, रिकामा नव्हता तो! यात सैन्य होतं!”

“ते तुमचंच. आमच्याकडून काय?”

याला तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा.

तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला. “आले म्हणायचे प्रशियन.”

“आता आले!” बाबा उसळले. “उरलाय एक लाडू! त्या एकाच्या जागी एक पलटण ठेव, बाकीचे मेले! मुक्ते, सांग त्याला. येईपर्यंत जागा धरून ठेवायची, असंच लिहिलंयस ना तू? मग जागा धरणारे मेले तर मेले!”

बाबांचं बरोबर होतं. मी तोंड उघडलं. पण काकांनी पत्रक उलटं केलं. मागची बाजू! ती कोण वाचतं? मी स्वतः छापून आल्यावर वाचली नव्हती.

“‘आणि लक्षात ठेवा,’” काका वाचू लागले, विहीणबाईसुद्धा ऐकायला पुढे झाल्या, “‘मूळ हक्कदार परत येईल तेव्हा मधल्या काळात काय मोडलं, काय गेलं, याचा हिशेब त्याच्या माथी मारू नका! त्याची जागा त्याला संपूर्ण आणि विनाअट मिळालीच पाहिजे!’”

“संपूर्ण,” काका म्हणाले. “आणि विनाअट.”

“बरोबर आहे की,” विहीणबाई म्हणाल्या. “बिचारे एवढ्या लांबून आलेत.”

मी आयुष्यात अनेक सभांमध्ये बोललेय. पोलिसांसमोर बोललेय. त्या दिवशी मी नुसती मान हलवली. माझ्याच मागणीनुसार प्रशियन सैन्य संपूर्ण आणि विनाअट टेबलावर उतरलं. ताजंतवानं, साखरेने लकाकणारं, एकही शिपाई जखमी नाही (एक ओला). समोर बाबांची उरलेली जुनी गार्ड. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघितलं, कारण अन्याय नोंदवताना वेळ लिहावी लागते.

पुढचं फार चाललं नाही. पलटणी एकेक करून उलट्या होत गेल्या. कुठे ‘शुभविवाह’, कुठे ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’, कुठे ‘कृपया आहेर आणू नये’. सर्वांत शेवटी ‘श्री गजानन प्रसन्न’.

काकांनी हात पुढे केला. “मोहन, छान लढलास रे.”

बाबांनी हात मिळवला. मग माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

“पत्रक चांगलं लिहिलंयस गं,” ते म्हणाले. “पळवाट ठेवली नाहीस कुठे.”

घरघंटी आली. छान चालते. तिच्याजवळ उभं राहायचं काम माझ्याकडे आलंय, कारण ‘पीठ काय आपोआप दळलं जातं?’ बेल्जियम घडी करून माळ्यावर गेलं. सैन्य माझ्या पलंगाखाली आलं, जिथे आधी माझे पत्रकांचे गठ्ठे होते. गठ्ठे कुठे गेले विचारू नका. बाबांनी ते भिजवले, त्यात मेथीचे दाणे वाटून घातले आणि लगद्याच्या नव्या टेकड्या केल्या. थर्माकोलपेक्षा मजबूत झाल्यात म्हणे. नीट बघितलं तर एका टेकडीच्या माथ्यावर अजून ‘विनाअट’ वाचता येतं.

तेव्हा वाचकहो, आमची तुमच्याकडे थेट मागणी अशी. फूटपाथवर गाडी असेल तर ती आधी काढा. मग स्टेशनबाहेर एक मुलगी तुमच्या हातात पत्रक कोंबेल, ते मुकाट्याने घ्या. त्यात भजी बांधा, कपाटात अंथरा, वारा घ्या, टेकडी करा. पण ते वाचू नका! मागची बाजू तर मुळीच नको! आजवर एकाच माणसाने ते शेवटपर्यंत वाचलं, आणि आमचा फ्रान्स गेला.